पडद्यावरचा वर्ग

दूरच्या विद्यार्थ्याला पडद्यावरून शिकवणे भारतात इंटरनेटच्या कितीतरी आधी सुरू झाले. दिल्लीतील शाळांसाठी दूरचित्रवाणीचे पाठ 1961 मध्येच दाखवले जाऊ लागले होते. पण खरी कसोटी लागली ती ‘साइट’ या उपग्रह-प्रयोगात. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर, नासाच्या एटीएस-6 उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत कार्यक्रम पोचले. महाराष्ट्र या सहांत नव्हता. गावात जाळीची मोठी छत्री आणि एक सार्वजनिक संच असे; सकाळी शाळकरी मुले त्यासमोर बसत, संध्याकाळी सारे गाव. या प्रयोगातील सर्वांत दूरदृष्टीचा भाग मुलांसाठी नव्हताच. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण सुट्टीत याच पडद्यावरून दिले गेले. जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि हाताने करायचे प्रयोग होते. पडदा एकटा पुरत नाही, हे आयोजकांना पुरते उमगले होते. पुढच्या अनेक योजनांना ते उमगले नाही.

‘साइट’चा प्रवाह मात्र एकेरी होता. मुलाला शंका आली तरी ती स्टुडिओपर्यंत जाणार कशी? विद्यापीठ अनुदान आयोगाने 1984 मध्ये महाविद्यालयांसाठी सुरू केलेल्या प्रसारणातही ही उणीव राहिली, शिवाय ते मुख्यतः इंग्रजीत. ग्रामीण विद्यार्थ्याच्या हाती त्यातून थोडेच लागले. मराठी शाळांसाठी पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’ या संस्थेने कार्यक्रम केले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने 1989 पासून निराळी वाट धरली: घरी वाचायची पुस्तके आणि शंका विचारायला जवळचे अभ्यासकेंद्र.

उलट दिशेने प्रश्न पाठवण्याची सोय मोठ्या प्रमाणावर आली ती 20 सप्टेंबर 2004 रोजी सोडलेल्या ‘एज्युसॅट’ उपग्रहामुळे. तीही ठरावीक केंद्रांपुरतीच. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने ‘एनपीटेल’ या प्रकल्पाने इंटरनेटवर खुली केली आणि 2017 मध्ये ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचाने त्यासारख्या अभ्यासक्रमांना स्वाध्याय, चर्चा आणि परीक्षेची जोड दिली. हे सारे मुख्यतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होते.

मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद पडल्या आणि पहिलीच्या बाईंनाही मोबाइलवर वर्ग भरवावा लागला. घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, अशी असंख्य घरे होती. त्याच वर्षी जुलैत ‘सह्याद्री’ वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. ती पाहायला इंटरनेट लागत नव्हते.