वसईचा दंगा आणि आपला आयटीआर

मंडळी, जुलै आला की डोंबिवली-कल्याणात एकच विषय. आयटीआर भरला का? लोकलचं वेळापत्रक तोंडपाठ असलेला आपला नोकरदार स्वतःचा कर किती, हे मात्र पैसे देऊन दुसऱ्याला विचारतो. हे दुखणं जुनं आहे, आणि त्यात आपल्या ठाणे जिल्ह्याचंही एक पान आहे.

१८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली. ती भरायला इंग्लंडहून जेम्स विल्सन आले आणि १८६० मध्ये आयकर लागू झाला. वर्षाला २०० रुपये कमावणाराही त्यात आला. ५०० पर्यंत २ टक्के, पुढे ४ टक्के. दर सोपे, पण कायदा तब्बल २५९ कलमांचा! त्याच वर्षी डिसेंबरात वसईत या कराविरुद्ध दंगा झाला. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती, अगदी २०१४ पर्यंत. शेवटी १८६५ मध्ये तो कर बंद झाला. पुढे १८८६ मध्ये आयकर परतला तो कायमचाच.

१९६१ चा कायदा २९८ कलमांचा होता. मग दर बजेटला एखादी सवलत, तिला एक अट, आणि त्या अटीतून पळवाट निघू नये म्हणून आणखी एक कलम. असं करत तो ८०० कलमांच्या पुढे गेला. सवलती कमी करा, दर उतरवा, असं विजय केळकरांच्या कृतिगटाने २००२ मध्येच सांगितलं होतं. ते २०२० च्या नव्या कर पद्धतीत बऱ्याच अंशी आलं. पण जुनी पद्धतही चालू राहिली, त्यामुळे आता दोन्हीकडून हिशोब करून बघावा लागतो.

आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. ठाणे-डोंबिवलीतले कितीतरी फ्लॅट ८०सी आणि गृहकर्जाच्या व्याजाची सूट धरून घेतलेत. नव्या पद्धतीत स्वतः राहत्या घरासाठी ती सूट नाही. ज्याचा हप्ता मोठा आणि अजून पंधरा वर्षं बाकी, त्याने ‘सोपं’ निवडायचं की ‘स्वस्त’?

आता २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला लागू आहे. कलमं ५३६, शब्द जवळपास निम्मे. ‘असेसमेंट इयर’चा घोळ जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. हे चांगलंच झालं. पण कलमं मोजून कायदा सोपा ठरत नाही. आपला कर किती आणि का, हे आपल्याला कोणालाही न विचारता कळलं, तर तो सोपा. नाहीतर माहितगार माणूस वाचतो आणि साधा माणूस नोटीस आली की घाबरतो.

तुम्ही जुनी पद्धत धरलीत की नवी? हिशोब स्वतः केलात का? जरूर सांगा.