काळ्या जमिनीतला काळा दगड : दख्खनमधील अशनिसंग्रहाचा इतिहास

१/ लातूर जिल्ह्यातील अहमदपूर बालाघाटाच्या पठारावर वसले आहे. या भागात नांगराच्या फाळाला दगड लागला तर कोणी थबकत नाही. तो उचलून बांधावर टाकला जातो. बांधावरच्या त्या असंख्य काळ्या दगडांत एखादा आकाशातून आलेला असेल, तर तो ओळखायचा कसा? अशनी जमवण्याच्या छंदाचा दख्खनमधील इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

२/ प्रथम शब्दांविषयी. आकाशात क्षणभर उजळून विझणारी रेघ ती उल्का. न जळता जमिनीपर्यंत पोहोचलेला पाषाण वा लोहखंड तो अशनी. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत आकाशातून पडणाऱ्या तेजांचे पाच प्रकार सांगितले : धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा. यांतील अशनी मोठा आवाज करीत माणसे, जनावरे, घरे व झाडे यांवर कोसळतो आणि जमीन विदारतो, असे वर्णन तेथे येते. मराठी विज्ञानलेखनाने आकाशातून पडलेल्या पाषाणासाठी हाच जुना शब्द स्वीकारला.

३/ भारतातील अशनिसंग्रहाची एक ठळक जुनी नोंद मोगल दरबारातील आहे. एप्रिल १६२१ मध्ये जालंधर परगण्यातील एका गावी प्रचंड आवाजासह तेजस्वी वस्तू पडली. तेथील आमिलाने जागा स्वतः पाहिली, जमीन खणवली आणि सापडलेले लोखंड दरबारात पाठवले. वजन भरले १६० तोळे. जहांगीराने त्यात साधे लोखंड मिसळवून दोन तलवारी, एक खंजीर व एक सुरी घडवून घेतली आणि सारा वृत्तांत आपल्या आठवणींत लिहून ठेवला. त्यांतील एक पाते आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. पाते मोलाचे खरेच; पण त्याला इतिहास मिळाला तो आमिलाच्या चौकशीमुळे आणि बादशहाच्या नोंदीमुळे.

४/ युरोपातील विद्वान मात्र अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत आकाशातून दगड पडतात हेच मानायला तयार नव्हते. १७९४ मध्ये अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने हे दगड पृथ्वीबाहेरचे आहेत असे प्रतिपादन केले, तेव्हा त्याची चेष्टा झाली. १९ डिसेंबर १७९८ रोजी बनारसजवळ दगडांचा वर्षाव झाला. त्याचे नमुने लंडनला पोहोचले आणि १८०२ मध्ये एडवर्ड हॉवर्ड याने रासायनिक पृथक्करण करून त्यांतील लोहात निकेल असल्याचे दाखवले. पुढल्याच वर्षी फ्रान्समधील लेग्ल येथे सुमारे तीन हजार दगड पडले आणि शंकेला फारशी जागा उरली नाही.

५/ महाराष्ट्राचे नाव या इतिहासात येते २९ जून १८४३ रोजी. त्या दिवशी खानदेशात एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगर परिसरात, मानेगाव येथे एक दगड पडला. तो अतिशय ठिसूळ होता. शास्त्रज्ञांच्या हाती त्याचा लहानसा अंशच लागला. तेवढ्यावर ब्रिटिश संग्रहालयातील खनिजविभागाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी मॅस्केलिन यांनी काम केले आणि १८७० मध्ये त्याच्या खनिजरचनेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

६/ मानेगावचा दगड ‘डायोजेनाइट’ या दुर्मीळ गटातला आहे. या गटातील पाषाण वेस्टा नावाच्या मोठ्या लघुग्रहाच्या कवचातून निखळून आले असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात. २०११-१२ मध्ये ‘डॉन’ हे अंतराळयान वेस्टाभोवती फिरले, तेव्हा त्याने घेतलेल्या मोजमापांनी या मताला भक्कम आधार दिला. खानदेशातल्या एका पावसाळ्यात कोणी तरी तो चुरा उचलून ठेवला नसता, तर वेस्टाशी जुळवून पाहण्याजोगा एक पुरावा कमी झाला असता.

७/ अशनीला नाव मिळते ते तो जिथे पडला त्या ठिकाणाचे. शोधणाऱ्याचे किंवा विकत घेणाऱ्याचे नाव त्याला दिले जात नाही. म्हणूनच मराठवाड्यातील एका खेड्याचे नाव जगभरच्या अशनिसूचीत कायमचे नोंदले गेले आहे. २९ सप्टेंबर १९२८ रोजी, निजामी राजवटीत, परभणी भागातील नावकी येथे अशनिपात झाला. सूचीत तो ‘एच ६’ या वर्गात आहे. ‘एच’ म्हणजे लोहाचे प्रमाण अधिक असलेला सामान्य पाषाण. ‘६’ म्हणजे मूळ ग्रहपिंडाच्या पोटात उष्णतेने बराच बदललेला.

८/ याच दशकात अमेरिकेत छंद म्हणून अशनी शोधण्याची परंपरा आकार घेत होती. हार्वी निनिंजर हे कॅन्सस राज्यातील एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. ९ नोव्हेंबर १९२३ रोजी त्यांनी एक तेजस्वी अग्निगोल पाहिला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. ते गावोगाव व्याख्याने देत, शेतकऱ्यांना नमुने दाखवीत आणि शेतात निघालेला विचित्र दगड आणून दिला तर पैसे मोजत. १९४६ मध्ये त्यांनी अ‍ॅरिझोनातील प्रसिद्ध अशनिविवराजवळ संग्रहालय उघडले. पुढे त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग ब्रिटिश संग्रहालयाने आणि अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाने घेतला.

९/ निनिंजर यांच्या यशामागे चिकाटी होती, तशी जमीनही होती. कॅन्ससच्या मैदानांतील मातीत दगड क्वचितच असतो. तेथे फाळाला जड काळा दगड लागला की शेतकरी आपोआप विचारात पडे. १९६९ मध्ये जपानी पथकाला अंटार्क्टिकाच्या बर्फावर नऊ अशनी मिळाले. पांढऱ्या पृष्ठभागावर काळा ठिपका लपत नाही. पुढे सहाराच्या फिकट वाळवंटात भटक्या जमातींनी हजारो अशनी वेचले आणि त्यांचा जागतिक बाजार उभा राहिला. अशनी सर्वत्र पडतात, पण सापडतात तिथे, जिथे ते उठून दिसतात.

१०/ दख्खनमध्ये नेमके उलटे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने बनलेला काळा बेसाल्ट येथे सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. ऊनपावसाने त्याचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटतात आणि आत गोल, गुळगुळीत गोटे उरतात. त्यात मॅग्नेटाइट असल्याने चुंबकही थोडा ओढला जातो. वर काळी माती : उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि लहान दगड आत उतरतात, पावसाळ्यात ओलाव्याने अशनीतील लोखंड गंजते. काही दशकांत पाहुणा यजमानासारखाच दिसू लागतो.

११/ म्हणून ‘अशनी’ समजून आणलेला दगड बहुधा बेसाल्टचा गोटा किंवा जुन्या भट्टीतील लोखंडाची मळी निघतो. पारख करण्याच्या काही साध्या खुणा आहेत. ताज्या अशनीवर कागदासारखे पातळ काळे कवच असते. पृष्ठभागावर ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे खळगे असू शकतात. तुटलेल्या बाजूला राखाडी अंतरंग आणि चकाकणारे धातूचे कण दिसतात. बुडबुड्यांची छिद्रे किंवा पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या दिसल्या, तर तो दगड जवळजवळ निश्चितपणे आपल्याच लाव्हाचा.

१२/ या भूगोलाचा परिणाम भारताच्या सूचीत स्वच्छ दिसतो. भारतीय अशनींपैकी बहुसंख्य ‘पडताना पाहिलेले’ आहेत. नंतर कधी तरी योगायोगाने सापडलेले फार थोडे. कॅन्ससमध्ये आणि सहारात हा छंद शोधणाऱ्यांचा झाला. दख्खनमध्ये तो साक्षीदारांचाच असू शकतो. येथे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले आणि त्याच दिवशी शोधले, तरच दगड हाती लागतो.

१३/ लोणार हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. बुलढाणा जिल्ह्यातील या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. लोककथेत तो लवणासुराच्या वधाशी जोडला गेला, तर अनेक भूवैज्ञानिकांनी त्याला दीर्घकाळ ज्वालामुखीचे मुख मानले. १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकी संशोधकांनी तेथील खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा दाखवल्या, तेव्हा ते अशनीच्या आघाताने झालेले विवर असल्याचे सिद्ध झाले. आघात पाहून लिहून ठेवणारे कोणी नव्हते. म्हणून वयाचा अंदाजही सुमारे ५२ हजार वर्षांपासून ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत बदलत गेला.

१४/ महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा जुनी आहे. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. मुंबईत १९८५ मध्ये, हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाच्या सुमारास, खगोल मंडळ सुरू झाले. हौशी निरीक्षक उल्कावर्षावाच्या रात्री उघड्यावर बसून दर तासाला किती उल्का, कोणत्या दिशेने, किती तेजस्वी, याची नोंद करतात. हा संग्रह कपाटात मांडता येत नाही. पण अग्निगोल दिसताच वेळ आणि दिशा टिपण्याची जी सवय त्यातून लागते, तीच अशनीपर्यंत पोहोचवते.

१५/ साक्षीदारांचे मोल २२ मे २०१२ रोजी पुन्हा दिसले. दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात स्फोटासारखा आवाज झाला आणि दगड पडू लागले. लोकांनी ते वेचले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने एकूण सुमारे १३ किलो तुकडे मिळवले. पाऊस सुरू होण्याआधी, पडल्यानंतर लगेच उचलले गेल्याने ते जवळजवळ अस्पर्श अवस्थेत अभ्यासाला मिळाले.

१६/ नऊ वर्षांनी त्याचे फळ मिळाले. २०२१ मध्ये खरगपूर आयआयटीतील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी काटोलच्या अशनीत ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात सर्वांत विपुल असलेले हे खनिज साधारण ६६० किलोमीटरहून खोल असते; तेथवर कोणताही वेधनयंत्राचा पाइप पोहोचलेला नाही. अवकाशातील जुन्या टकरीच्या दाबाने ते त्या दगडात तयार झाले होते. आपल्या पायाखालच्या खोल पृथ्वीचा नमुना विदर्भात आकाशातून आला.

१७/ येथे खरा पेच सुरू होतो : दगड कोणाचा? अमेरिकेतील आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्येच निर्णय दिला की अशनी जमिनीच्या मालकाचा, उचलणाऱ्याचा नव्हे. भारतात अशनींचे राष्ट्रीय जतन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. शास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था उपयुक्त आहे. पण ज्याच्या शेतात दगड पडला त्याला बक्षीस नाही, कौतुक नाही आणि चौकशीची धास्ती मात्र आहे, असे वाटू लागले तर दगड ट्रंकेत जातो, देव्हाऱ्यात जातो किंवा फुटून वाटला जातो. निनिंजर यांनी शेतकऱ्याला पैशांबरोबर मानही दिला. तो धडा दख्खनलाही लागू आहे.

१८/ साक्षीदाराला परखही हवी. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आकाशात तेजाची रांग सरकताना दिसली आणि अनेकांनी तो उल्कापात मानला. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे पडलेले मोठे धातूचे कडे पाहिल्यावर ते अग्निबाणाचे अवशेष असल्याचे स्पष्ट झाले. उल्का बहुधा काही सेकंदांत विझते. कक्षेतून खाली येणारा कचरा तुलनेने संथ असतो आणि बराच वेळ तुटत तुटत सरकत राहतो. घड्याळात पाहिलेले सेकंद येथे निर्णायक ठरतात.

१९/ म्हणून अहमदपूरच्या किंवा कोणत्याही गावच्या शिवारात असे काही पडले, तर क्रम असा असावा : वेळ लिहावी, प्रकाश कोणत्या दिशेकडून आला आणि आवाज किती वेळाने ऐकू आला, ते टिपावे. दगड उचलण्याआधी शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे. धुऊ नये, फोडू नये, शेंदूर लावू नये. चुंबक तर मुळीच लावू नये. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी खूण दगडात टिकलेली असते, ती जोरदार चुंबकाच्या एका स्पर्शाने पुसली जाते. कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवून तहसील कार्यालयामार्फत भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे.

२०/ जालंधरच्या आमिलाने चारशे वर्षांपूर्वी जवळपास हेच केले : जागा पाहिली, चौकशी केली, वस्तू पुढे पाठवली. मानेगाव, नावकी आणि काटोल ही नावे जगाच्या सूचीत आहेत, कारण प्रत्येक वेळी कोणी तरी दगड वेळेवर उचलला आणि पुढे सोपवला. काळ्या जमिनीत काळा दगड हरवायला एक पावसाळा पुरतो. लिहून ठेवलेली तारीख मात्र हरवत नाही.