शब्दवेध : फिरणं आणि फिरणं

बदलापूर गावातून स्टेशनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षाचं चाक फिरतं आणि रिक्षाही दिवसभर फिरते. मराठीला एकच क्रियापद पुरतं. भूगोलाच्या पुस्तकाला मात्र पुरत नाही. स्वतःभोवती फिरणं ते परिवलन, दुसऱ्याभोवती फिरणं ते परिभ्रमण. इंग्रजीत रोटेशन आणि रिव्होल्यूशन.

पण हा नियम इंग्रजी स्वतः कुठे पाळते? एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्यात मोटरवरची पट्टी वाचा : आरपीएम १४४०. यातला 'आर' रिव्होल्यूशनचा, आणि मोटरचा दांडा तर जागच्या जागी, स्वतःभोवतीच गरगरतो! साहेबाची रिव्हॉल्व्हिंग चेअर तशीच. पुस्तकी काटेकोरपणा परीक्षेपुरता, असं म्हणायला हरकत नाही.

'रोटेशन'च्या मुळाशी लॅटिन 'रोटा', म्हणजे चाक. आपला 'रथ' त्याचाच भाऊबंद. 'व्हील' आणि 'सायकल' हे 'चक्र'च्या गोतातले.

खरी गंमत 'रिव्होल्यूशन'ची. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाच्या नावात तो आहे, तो खगोलांच्या फेऱ्यांसाठी. फेरी म्हणजे निघाल्या जागी परतणं. १६८८ मध्ये इंग्लंडात राजा बदलला, तेव्हा जुनी घडी परत आली या अर्थानं त्या घटनेलाही हेच नाव मिळालं. पुढे फ्रान्समधल्या राज्यक्रांतीनंतर या शब्दात परतीची वाटच उरली नाही.

आपली 'क्रांती'ही आधी आभाळातलीच. सूर्याचा वार्षिक मार्ग ते क्रांतिवृत्त, आणि तो राशी ओलांडतो ती संक्रांत. तिळगूळ वाटताना घोषणा कुणी देत नाही, एवढंच.