एरीस अग्निबाणाची कथा

२००३ च्या १ फेब्रुवारीस अमेरिकेचें 'कोलंबिया' यान सात जणांसह आकाशांत भंगलें. कर्नालची कल्पना चावला त्यांतच गेली. पुढील वर्षीं सरकारनें पुन्हां चंद्रावर जाण्याचा बेत जाहीर केला. त्यासाठीं योजिलेल्या 'एरीस-१' अग्निबाणाचा खालचा टप्पा म्हणजे शटलचेंच घनइंधनाचें नळकांडें, थोडें लांबविलेलें. त्याच्या ज्वलनांतील कंपनें अंतराळवीरांस सोसतील काय, ही शंका खुद्द अभियंत्यांसच आली. तरीहि काम चालूं राहिलें. सुटलेला सरकारी गाडा थांबवावा कोणीं? २००९ सालीं ऑगस्टीन समितीनें सांगितलें कीं, मंजूर पैशांत ही वाट चंद्रापर्यंत पोंचत नाहीं. २०१० सालीं अध्यक्ष ओबामा यांनीं योजना मोडण्याचें सुचविलें. 'ओरायन' कुपी मात्र वांचली. २०२२ सालीं ती माणसांवांचून चंद्राला वळसा घालून आली. तिला वर नेणाऱ्या नव्या अग्निबाणालाहि तशींच लांबविलेलीं नळकांडीं जोडलेलीं होतीं.