घडी पुन्हा बसवताना

पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यातल्या बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या दाराशी ‘कालनिर्णय’ टांगलेलं दिसतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं तिथी, वार, सणवार पाहण्यासाठी. घरातल्या बायकांनी त्याची वही केली. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, सगळं त्या चौकोनांत. लक्षात ठेवायची गोष्ट डोक्यावर न सोपवता भिंतीवर सोपवायची, ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. कॅलेंडरच्या आधी पदराची गाठ होती. एडीएचडी (अवधान-अभाव आणि अतिचंचलतेचा विकार) असलेल्या माणसाने घर, काम आणि वेळ यांची घडी कशी बसवावी आणि ती कशी टिकवावी, या विषयाच्या उंबरठ्यावर आलेल्या वाचकाला मी आधी हे कॅलेंडर दाखवतो.

वेंधळा, धांदरट, विसरभोळा, गबाळा, अजागळ. अशा माणसासाठी मराठीत शब्द भरपूर आहेत आणि सगळे स्वभावाला नावं ठेवणारे आहेत. वैद्यकाची सुरुवातही तशीच झाली. १९०२ मध्ये लंडनला बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली, तेव्हा त्यांना दोष नैतिक संयमात दिसला. ‘अवधान’ हा शब्द अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात, विकाराच्या नावातच, आला तो १९८० मध्ये. पुढे १९९७ मध्ये मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी मुळाशी असलेली अडचण मांडली ती आत्मनियमनाची. काय करायचं ते या माणसाला ठाऊक असतं. ठाऊक असलेलं ऐन वेळी हातून होत नाही. हे पटलं की ‘जरा यादी करत जा’ हा उपदेश किती पोकळ आहे ते कळतं. यादी तो करतो. ती कुठे ठेवली, हा प्रश्न असतो.

हे समजून घ्यायला मुळशी तालुका फार चांगली जागा आहे. एका टोकाला ताम्हिणीच्या पावसातली भातखाचरं, दुसऱ्या टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क. भाताच्या कामाला स्वतःचं घड्याळ असतं. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या सुमारास बी पेरायचं, रोप वितभर झालं आणि खाचरात पाणी साठलं की लावणी. उशीर झाला तर तो डोळ्यांना दिसतो: शेजारचं खाचर हिरवं, आपलं मोकळं. शिवाय लावणीला माणूस एकटा नसतो. इर्जिकीला, म्हणजे एकमेकांच्या शेतावर मिळून करायच्या कामाला, वाडीतली माणसं येतात, ओळ धरतात, आणि ओळीतला माणूस सहसा मागे रेंगाळत नाही. हिंजवडीतल्या टेबलावर यातलं काहीच नसतं. काम पडद्याआड, मुदत तीन आठवड्यांवर, कामाचं कौतुक तिमाहीच्या शेवटी, आणि मध्ये एकामागून एक संदेश. एडीएचडीत दूरचं फळ फिकं वाटतं, वेळेचा अदमास चुकतो. भाताच्या ओळीत जो कुणाला खुपला नसता, तोच इथे बेजबाबदार ठरतो. शेती हा यावरचा इलाज आहे असं मी म्हणत नाही. सोसायटीच्या कर्जाची तारीख आणि सातबाऱ्याचे कागद यांत तोही माणूस अडकतोच. पण अडखळणं किती व्हायचं ते माणसाइतकंच जागेवर ठरतं, हे इथे उघड दिसतं. कुणीतरी नुसतं शेजारी बसलं तरी काम होतं, असं एडीएचडी असलेली कित्येक माणसं सांगतात. त्याचा शास्त्रीय पुरावा अजून तोकडा आहे. तरी इर्जीक पाहिलेल्याला ते खोटं वाटणार नाही.

औषधांचा उपयोग होतो, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्यात कमीपणा नाही. पण मेथिलफेनिडेटसारखं औषध घेतल्याने कागद आपोआप फायलीत जात नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेत दोन महत्त्वाचे अभ्यास प्रसिद्ध झाले. स्टीव्हन सॅफ्रन यांच्या अभ्यासात औषध चालू असूनही त्रास उरलेले ८६ प्रौढ होते, मेरी सोलँटो यांच्या अभ्यासात एकूण ८८ प्रौढ होते. वेळेचं नियोजन, कामाचे तुकडे पाडणं, एकच डायरी वापरणं, अशी कौशल्यं शिकवलेल्या गटांना नुसता आधार किंवा विश्रांतीचं तंत्र मिळालेल्या गटांपेक्षा अधिक फायदा झाला. घरात याचं रूप साधं असतं. किल्लीची खुंटी दाराशीच. बिलं उघड्या टोपलीत, कारण बंद कपाटात गेलेली वस्तू मनातूनही जाते. मिसळणाचा डबा पाहा: रोज लागणारं तेवढंच, छोट्या वाट्यांत, एका झाकणाखाली, शेगडीच्या हाताशी.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो. मुली बहुधा वर्गात दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर पाहत बसतात. म्हणून त्यांचं निदान राहून जातं, कधी चाळिशीत, पोटच्या मुलाची तपासणी करताना होतं. तोवर घरभराची आवराआवर अशा बाईच्या माथी असते आणि प्रत्येक विसरलेल्या डब्यामागे तिच्या माहेरापर्यंत बोल लागतो.

घडी बसवण्यापेक्षा टिकवणं अवघड. नवी डायरी काही आठवडे चालते, मग नवेपण ओसरतं आणि पानं कोरी राहतात. इथे बहुतेक जण हार मानतात, स्वतःला दोष देतात. मुळशीच्या पावसात खाचरांचे बांध फुटतात. शेतकरी कुदळ घेऊन जातो, माती ओढतो, पाणी पुन्हा अडवतो. पुढल्या वर्षी पावसाआधी बांधबंदिस्ती पुन्हा असतेच. त्याला कुणी गबाळा म्हणत नाही. या विषयात काम करणाऱ्यांनी माझ्या मते हेच शिकवायला हवं: घडी मोडणार हे धरून चालायचं आणि दहा मिनिटांत पुन्हा बसेल इतकी ती साधी ठेवायची.

मराठीतून या विषयात करण्यासारखं पुष्कळ आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे बरंचसं ओझं शिक्षकांवर आणि घरावर येतं. सुरुवात मुळशीतूनच करा: पौड, पिरंगुट, माण, कुठेही जा, घरात बसा, पाहा. एखाद्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला दोरीने पेन बांधलेलं दिसेल. ते कुणी बांधलं आणि त्याआधी काय काय करून पाहिलं, ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.