डायलिसिसच्या मशीनमागचा केमिकल इंजिनिअर

आजची गोष्ट डायलिसिसची आहे. पण ती डॉक्टरांइतकीच इंजिनिअरांचीही आहे. आणि तिच्या मुळाशी एक भयंकर प्रश्न आहे: मशीन थोडी आणि पेशंट जास्त असतील, तर जगवायचं कुणाला?

आधी जरा मागे जाऊ. 1943 साली नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात होतं. तिथल्या कांपेन गावच्या हॉस्पिटलात विलेम कोल्फ या डॉक्टरांनी कृत्रिम किडनी बनवली. सॉसेज भरायची सेलोफेनची नळी ड्रमभोवती गुंडाळली, तिच्यातून रक्त फिरवलं आणि ड्रम मिठाच्या पाण्यात फिरत ठेवला. रक्तातली घाण नळीतून पाण्यात उतरायला लागली. अडचण एकच. दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि माणसाच्या अंगात त्या किती असणार? म्हणून हे फार वेळा करता येत नसे.

मार्च 1960 मध्ये अमेरिकेत सिॲटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी त्यावर तोड काढली: हातात कायमची बसवलेली टेफ्लॉनची नळी. त्यांचे पहिले पेशंट क्लाइड शील्ड्स पुढे 11 वर्षं जगले. किडनी कायमची गेलेला माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो, हे तेव्हा जगाला कळलं.

आणि तिथूनच पंचाईत सुरू झाली. 1962 मध्ये सिॲटलला डायलिसिस सेंटर उघडलं, पण जागा मोजक्याच होत्या. मग सात जणांची समिती नेमली: वकील, धर्मगुरू, बँकर, गृहिणी वगैरे. उत्पन्न, मुलंबाळं, शिक्षण, चर्चमधली हजेरी असं सगळं बघून ही माणसं ठरवायची की कोणाला मशीन मिळणार. लहान मुलं आणि 45 च्या पुढचे लोक तर आधीच बाद. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘लाइफ’ मासिकात यावर लेख आला आणि देशभर खळबळ माजली.

आता गोष्टीत येतात लेस बॅब. हे वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक, मूळचे केमिकल इंजिनिअर. डायलिसिस स्वस्त कसं करायचं, हा प्रश्न घेऊन स्क्रिब्नर त्यांच्याकडे गेले. बॅब यांना त्यात ओळखीचंच काहीतरी दिसलं. प्रत्येक पेशंटसाठी भलीमोठी टाकी भरून द्रावण कालवायचं कशाला? कारखान्यात करतात तसं करू. घट्ट द्रावण आणि पाणी ठरलेल्या प्रमाणात सतत मिसळत राहायचं, मिश्रण बरोबर आहे की नाही हे यंत्रानेच तपासायचं आणि बिघडलं तर अलार्म वाजवायचा. एकाच वेळी अनेक पेशंटना पुरवठा करणाऱ्या त्या धुडाला नाव पडलं ‘मॉन्स्टर’.

मग एका शाळकरी मुलीला समितीने नकार दिला. ती बॅब यांच्या ओळखीतली होती. बॅब आणि त्यांच्या टीमने काही महिन्यांत ‘मॉन्स्टर’ची घरात मावेल अशी आवृत्ती बनवली, ‘मिनी-मॉन्स्टर’. 1964 मध्ये तिचं डायलिसिस घरी सुरू झालं. मला ही गोष्ट आवडते, कारण बॅब समितीशी भांडत बसले नाहीत. समितीची गरजच उरू नये अशी वस्तू त्यांनी बनवायला घेतली. पुढे 1972 मध्ये कायदा झाला आणि अमेरिकेत जवळजवळ सगळ्यांच्या डायलिसिसचा खर्च सरकारने उचलला.

पण दुसरा प्रश्न शिल्लकच होता. किती डायलिसिस म्हणजे ‘पुरेसं’?

1985 मध्ये फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी यावर एक आकडा मांडला. त्याला म्हणतात ‘केटी बाय व्ही’. घाबरू नका, ही टाकीची गोष्ट आहे. 60 किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 36 लिटर पाणी असतं. हा झाला व्ही. मशीन मिनिटाला 200 मिली पाण्यातला युरिया काढतं, तो के. आणि टी म्हणजे वेळ.

समजा, तीन तासांत 36 लिटर साफ झालं. मग घाण शून्य? नाही ना! साफ केलेलं पाणी त्याच टाकीत परत पडतं आणि उरलेल्या घाणीत मिसळतं. गणित केलं तर 37 टक्के युरिया शिल्लक राहतो. इथे केटी बाय व्ही झाला 1. चार तास केलं तर 48 लिटर, म्हणजे 1.33, आणि शिल्लक 26 टक्के. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर किमान 1.2 हवा असं मानतात. म्हणजे या माणसाने ‘कंटाळा आला’ म्हणून एक तास आधी उठायचं ठरवलं, तर तो त्या रेषेच्या खाली जातो. (खऱ्या हिशेबात दरम्यान तयार होणारा युरिया आणि काढलेलं पाणीही धरतात, पण मुद्दा हाच.)

मात्र या आकड्याची पूजाही करायला नको. 2002 मध्ये अमेरिकेतल्या ‘हेमो’ या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांमध्ये डोस नेहमीपेक्षा बराच वाढवला, तरी मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही. कारण माणूस म्हणजे एकच नीट ढवळलेली टाकी नाही. युरिया पटकन निघतो, काही मोठे रेणू सावकाश निघतात. शिवाय हृदय, रक्तदाब, जेवण हे सगळं आहेच. मॉडेल आपल्याला किमान रेषा दाखवतं. तिच्यापुढचं काम माणसांचं.

आणि आपल्याकडे? 2016 मध्ये केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, जिल्हा रुग्णालयांत मशीन आली. तरी खर्चापायी, प्रवासापायी आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेणारे खूप जण आहेत. सातजणांची समिती आपल्याकडे नाही, पण एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी तेच काम गुपचूप करतात, असं मला वाटतं.

तुमच्या घरात कोणी डायलिसिसवर असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढंच विचारा: “यांचा केटी बाय व्ही किती येतो?” आणि त्या चौथ्या तासाला त्यांच्यासोबत गप्पा मारत बसा. भेटू पुढच्या भागात!