पेरूचे पाहुणे

खातं उघडायला आलेल्या माणसाकडे मी आधी राहत्या जागेचा पुरावा मागतो. गेल्या पावसाळ्यात माझ्याच घरी बुटांच्या खोक्यातून दोन जण आले, आणि त्यांच्याकडे पुरावा सोडाच, राहायला जागाच नव्हती. खोकं घेऊन आली होती संभाजीनगरला शिकणारी माझी पुतणी. तिथल्या कुठल्याशा घरात मुलांची हौस फिटली, तेव्हा मोठ्यांनी खोकं कचराकुंडीशी नेऊन ठेवलं होतं.

"काका, यांना दत्तक घ्यायचंय."

मी झाकण उघडलं. आत शेपूट नसलेले दोन लठ्ठ जीव एकमेकांना चिकटून बसले होते.

"अहो, उंदीर!" सौ.

"काकू, गिनीपिग आहेत!"

आता वाणिज्य शाखेच्या माणसाला 'गिनी' म्हटलं की एकवीस शिलिंगांचं सोन्याचं नाणं आठवतं. हा प्राणी विलायतेत एका गिनीला मिळे म्हणून हे नाव, असं मी ऐटीत सांगून टाकलं. रात्री वाचत बसलो तर माझा हिशेब चुकलेला. नाणं निघालं 1663 साली आणि हे नाव 1653 सालच्या इंग्रजी पुस्तकात आधीच छापलेलं! प्राणी डुक्कर नाही आणि गिनी देशाचाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरूकडच्या थंड डोंगराळ मुलखातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षं तो स्वयंपाकघरात पाळला. प्रेमानं नव्हे, खायला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्याला युरोपात नेलं. तिथं तो श्रीमंतांच्या मुलांचं खेळणं झाला आणि पुढं शास्त्रज्ञांच्या हाती पडला.

आणि मग तो मुंबईला आला. इथं मात्र माझी थट्टा थांबली. 1896 साली मुंबईत प्लेग आला. हाफकिननं लस तयार करून 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते. 1899 पासून त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात होती. पण प्लेग उंदरापासून माणसापर्यंत पोचतो कसा, याचा वाद मिटला नव्हता. कोणी हवेला दोष देई, कोणी जमिनीला. 1905 साली नेमलेल्या कमिशननं गिनीपिग आणले आणि प्लेग झालेल्या घरांत ते सोडले. उंदीर मेले की उपाशी पिसवा या पाहुण्यांवर तुटून पडत, मग त्या वेचून मोजायच्या. परळला मुद्दाम बांधलेल्या खोल्यांत काही गिनीपिग जमिनीवर ठेवले, काही दोन इंचांवर, काही दोन फुटांवर टांगले. खालच्यांना प्लेग झाला. दोन फुटांवरच्यांना झाला नाही, कारण पिसवेची उडी तिथवर पोचत नाही. हवा मात्र वरही तीच होती.

माणसं घर सोडून माळावर झोपड्या टाकत होती तेव्हा त्या घरांत हे जीव राहायला गेले होते. हाफकिनचं नाव 1925 साली संस्थेला मिळालं, ते योग्यच झालं. खालच्या मजल्यावरच्या या भाडेकरूंची मात्र कुठं पाटीसुद्धा नाही.

सकाळी मी सौ.ला म्हणालो, "अगं, राहू देत."

पण ठेवायचं कुठं? आमच्या खुलताबादेत बादशहा औरंगजेब उघड्या आभाळाखाली मातीच्या थडग्यात निजला आहे. टोप्या शिवून मिळालेल्या चार रुपये दोन आण्यांत कफन भागवा, असं तो सांगून गेला म्हणतात. माझ्या पाहुण्यांचं चार रुपयांत भागेना. त्यांना छप्पर हवं, गार सावली हवी आणि मांजराला आत हात घालता येणार नाही अशी जाळी हवी. खाली जाळी चालत नाही, पायाला जखमा होतात. शिवाय एकट्याला करमत नाही, म्हणून जोडी हवी. जोडी म्हटल्यावर मी घाबरलो. दोनेक महिन्यांत पिल्लं होतात आणि तीही अंगभर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून. चक्रवाढ व्याज मला पाठ आहे! जनावरांच्या डॉक्टरांनी दोन्ही माद्या असल्याचं सांगितलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

शेवटी सासरहून आलेलं लाकडी कपाट मी आडवं पाडलं. चार फूट बाय दोन फूट. दारांच्या जागी सुतारानं जाळी ठोकली. सौ. दोन दिवस बोलली नाही. उन्हाळ्यात वर ओलं गोणपाट टाकतो.

खाण्याचा प्रश्न सोपा वाटला होता. खोक्यात नुसते बाजरीचे दाणे होते. पण नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांनी 1907 सालीच दाखवलं होतं, की नुसत्या धान्यावर ठेवलं तर गिनीपिगच्या हिरड्या माणसासारख्याच सुजतात, त्याला स्कर्व्ही होतो. क जीवनसत्त्व आपल्यासारखं त्यालाही अंगात तयार करता येत नाही. दात जन्मभर वाढतात, म्हणून सुकं गवत सतत पुढ्यात हवं. वर रोज थोडी हिरवी भाजी आणि अधूनमधून पेरूची फोड. पेरूच्या पाहुण्यांना पेरू! हा विनोद मी शाखेत तीनदा केला, तिसऱ्यांदा शिपाईसुद्धा हसला नाही.

परवा कोथिंबिरीची पिशवी घेऊन दारात आलो. पिशवी वाजताच कपाटातून दोन लांब शिट्ट्या आल्या. सौ. पदराला हात पुशीत बाहेर आली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली,

"अहो, व्हा बाजूला. खातेदार ताटकळलेत."